राखाडी रंगाची चौकशी

शेणवा, ता. शहापूर
रविवार, ८ डिसेंबर २०२४

चि. नम्रता हिस,
अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण तो माझं ऐकतो कधी? भात घरात आलं, झोडणीही उरकली. मागच्या वावरात वाल टाकलाय, तो आता फुलावर आलाय. धसईची मंडळी कशी आहेत? तुझ्या आईचा खोकला थांबला का? मेडिकलच्या दुकानात दिवसभर उभं राहून तुझे पाय सुजतात असं कानावर आलं. कोणी सांगितलं ते विचारू नकोस. मी जन्मभर मास्तरीण होते, माझे विद्यार्थी धसईच्या बाजारातही भाजी विकतात.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे सगळं सामसूम. म्हणून पत्र लिहिते. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलंस की तू वाचल्याशिवाय राहणार नाहीस. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा तू उलगडून वाचतेस.

आता बातमी. आपल्या समाजाचा वधूवर मेळावा यंदा १९ जानेवारीला मुरबाडला आहे, आणि त्याच्या स्लाइड माझ्या गळ्यात पडल्या आहेत. दरवर्षी हे काम दिनेश करायचा. समितीचा चिटणीस, शहापूरला झेरॉक्सचं दुकान आहे तो. त्याच्या घरी यंदा बाळ आलंय, त्यामुळे त्याला डोकं वर काढायला सवड नाही. मग अध्यक्ष भगीरथभाऊ स्वतः घरी आले आणि म्हणाले की बाई, तुमी रिटायर झाल्या, घरात एकल्याच असता, तेवढं बघा. एकल्या असता हे त्यांनी मुद्दाम सांगायची गरज नव्हती. काम मात्र मी घेतलं. आपल्या विपुलचा लॅपटॉप कपाटात होता. माझं लेकरू गेलं तेव्हापासून उघडलाच नव्हता. चार्जिंगला लावला आणि निमूट सुरू झाला.

मला वाटलं होतं नुसती नावं आणि फोटो भरायचे. मेळाव्यात एकेक मुलगा, मुलगी स्टेजवर येऊन ओळख सांगते, तेव्हा मागच्या पडद्यावर तिची स्लाइड असते: फोटो, जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, गाव, पालकांचं नाव. तू हा प्रकार कधी पाहिला नाहीस, कारण तुमचं दोघांचं वाशिंदच्या शेअर रिक्षातच जमलं. रिक्षावाल्याला पहिलं आमंत्रण दे म्हणून मी विपुलला किती छळलं होतं.

तर मी ‘डिझाइन’ या शब्दावर बोट ठेवलं आणि समोर दुकानच उघडलं. थीमच थीम. साडीच्या दुकानात शिरल्यावर मला जे होतं तेच झालं, आणि इथे तर कितीही उलगडून टाकल्या तरी कोणी तोंड वाकडं करत नाही. नावं तरी काय एकेक. एक बर्लिन आहे, काळी, तिला भगवी पट्टी. ती लावली की बीएस्सी झालेली गरीब मुलगी एकदम निवडणुकीला उभी राहिल्यासारखी दिसते. दुसरी ऑर्गॅनिक, तिच्यात लाकडाच्या फळीवर जाड कागद ठेवलाय. ती मला आवडली, पण थोडा वेळ बघितल्यावर हॉटेलचं मेनूकार्ड दिसायला लागलं. प्रत्येक थीमच्या उजव्या हाताला तिच्याच बहिणी उभ्या असतात, चेहरा तोच, रंग निराळा. थीम बदलली की मराठी अक्षरं कधी मुंगीएवढी होतात, कधी चौकटीबाहेर सांडतात. मी सकाळी बसते ती उन्हं अंगणातून निघून जाईपर्यंत उठत नाही.

मला कुतूहल वाटतं ते वेगळंच. माणूस एकच, माहिती तीच, पण मागचा रंग बदलला की आपण त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. मी एकाच मुलाला पाच थीममध्ये बसवून पाहिलं. एकीत तो सरकारी नोकर वाटला, एकीत कर्ज काढून गाडी घेणारा. मुलगा दोन्हीकडे वाशिंदच्या फॅक्टरीतच कामाला होता.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, हे मी तुझ्यासाठी करत नाही. जाताना तू काय विचारलंस ते मला पाठ आहे. लहानीमावशी तुझ्यासाठी स्थळ घेऊन आली, मी तिला नको न म्हणता चहा टाकला, एवढंच झालं होतं. तू पिशवी भरायला घेतलीस आणि म्हणालीस, “आई, मी जड झाले का तुमाला?” मी ओट्यावरून बाहेर येईपर्यंत तू गाडीला हात केला होतास. त्याचं उत्तर मी देणार आहे. पण ते अजून मला नीट लिहिता येत नाही, म्हणून सध्या थीमबद्दल लिहिते.

जाता जाता एक. दिनेशच्या जुन्या फाइलमध्ये बहुतेक स्लाइड मरून रंगाच्या आहेत, वर सोनेरी तोरण, कोपऱ्यात कलश. शेवटच्या काही मात्र राखाडी आहेत, तोरण नाही, कलश नाही. मला वाटलं फाइल बिघडली असेल. बघते काय भानगड आहे ती.

तुझी,
आई

*

शेणवा
रविवार, २२ डिसेंबर २०२४

चि. नम्रता हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं नाही. येईल अशी मी आशाही धरली नव्हती, हे खोटं आहे. पोस्टमन दिसला की मी फाटकापर्यंत जाते. वालाला शेंगा धरल्या. पहिल्या शेंगा शेजारी वाटल्या.

फाइल बिघडलेली नव्हती. राखाडी स्लाइड सगळ्या पुनर्विवाहाच्या आहेत. विधवा आणि घटस्फोट झालेल्या मुली. मी म्हटलं, असेल बाबा, वेगळा विभाग कळावा म्हणून केलं असेल. मग सहज बायको वारलेल्या मुलांच्या स्लाइड शोधल्या, तर ते सगळे मरूनमध्ये. तोरणाखाली, कलशाशेजारी, ऐटीत. एकाला दोन मुलं आहेत, तोही मरूनमध्ये. तेव्हा माझं डोकं तापलं, आणि माझं डोकं तापलं की मी चौकशी करते, हे तुला माहीत आहे. विपुल लहानपणी म्हणायचा, आमच्या आईला राग येत नाही, प्रश्न येतात.

आधी गेले दिनेशकडे. तो बाळाचं दुपटं खांद्यावर टाकून झेरॉक्स काढत होता. म्हणाला, “मी नाय ठरवलं बाई. आदी पुस्तक असायचं, त्यात जसं होतं तसंच मी पडद्यावर केलं.” मेळाव्याची पूर्वी परिचय पुस्तिका निघायची, ती समोर ठेवून त्याने रंगाला रंग जुळवला होता. मुलगा प्रामाणिक आहे. राखाडी का, हे त्याने कोणाला विचारलं नाही, आणि त्यालाही कोणी विचारलं नाही.

मग भगीरथभाऊंना फोन केला. ते म्हणाले की ही आपली रीत आहे, पहिल्यापासून चालत आलेली. विधवेच्या फोटोशेजारी कलश कसा ठेवायचा, लोक नावं ठेवतील. ही रीत कोणी घातली असं विचारलं, तर जुन्या माणसांनी, एवढंच उत्तर मिळालं. जुनी माणसं म्हणजे कोण, तर फोन कट झाला. रेंज नसेल.

घरी आल्यावर मी एक उद्योग केला. कोणाला सांगू नकोस. माझा शाळेतला फोटो काढला, विपुलचे बाबा गेले त्या वर्षीचा, आणि तो राखाडी स्लाइडवर लावला. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, शिक्षण डी.एड., नोकरी कायम. नोकरी कायम असूनही ती बाई आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी दिसत होती. मग तोच फोटो मरूनमध्ये टाकला. नम्रता, मी बरी दिसत होते गं. थोडी गर्विष्ठसुद्धा. मी बराच वेळ बघत बसले आणि मग पुसून टाकला.

परवा मुरबाडला गेले. पुस्तिका जिथे छापली जायची तो छापखाना बाजारपेठेच्या मागे आहे. म्हादूशेठ आता खुर्चीतच बसून असतात, मुलगा धंदा बघतो, लग्नाच्या पत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर. मी त्यांना विचारलं की शेवटची पानं राखाडी का असायची, समितीने तसं सांगितलं होतं का. त्यांना आधी आठवेना. मुलाने चहा मागवला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग ते एकदम हसायला लागले.

“रीत कसली बाई. पोरांची नावं पयल्या दिवशी यायची, बायको मेलेला असला तरी. ह्या बायांची नावं पार शेवटाला, कोणीतरी गुपचूप आणून द्यायचा. तवर रंगीत पानं छापून झालेली असायची. मंग काळ्या शाईत उरकायचं. आमी काय इचार केलाच नाय कधी.”

म्हणजे ती नावं उशिरा यायची, बाकी काही नाही. घरचे लाजायचे, घाबरायचे, देऊ की नको करायचे, आणि तोवर रंग संपलेला असायचा. पुढे पुस्तिका गेली, पडदा आला, पडद्याला शाईही लागत नाही आणि उशीरही होत नाही. तरी दिनेशने राखाडी उचलून आणला, आणि भगीरथभाऊंनी त्याला रीत म्हणून टाकलं. मुरबाडहून येताना गाडीत मी एकटीच हसत होते. शेजारच्या बाईने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

हसून झाल्यावर मात्र मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत इतक्या जणी त्या रंगात उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीला वाटलं असेल की आपल्याला हाच शोभतो.

थंडी पडलीये. तुझी निळी शाल इथेच राहिली आहे. पाठवू का, की राहू दे इथेच?

तुझी,
आई

*

शेणवा
रविवार, ५ जानेवारी २०२५

चि. नम्रता हिस,
नव्या वर्षाचे आशीर्वाद.

शाल पाठवली नाही. तू पाठवा म्हणाली नाहीस, त्याचा मी माझ्या सोयीचा अर्थ घेतला.

काल शहापूरला समितीची बैठक झाली. मी लॅपटॉप घेऊन गेले होते. आधी म्हादूशेठचं बोलणं सांगितलं. सगळे हसले, भगीरथभाऊसुद्धा. मला वाटलं झालं काम. पण ते हसून झाल्यावर म्हणाले की कारण काही असो, आता लोकांना सवय झाली आहे, आणि रंग एक केला तर समोरच्याची फसवणूक होईल. मी म्हटलं, फसवणूक कशी? खाली ‘पुनर्विवाह’ असं लिहिलेलं आहेच, मुलांच्याही आणि मुलींच्याही. ज्याला वाचता येतं त्याला कळेल. मग त्यांनी कलशाचं काढलं. कलश नको, तेवढं तरी ऐका.

माझ्या पिशवीत एक जुनी पुस्तिका होती. म्हादूशेठच्या माळ्यावरून आणलेली. भगीरथभाऊंची पहिली बायको फार लवकर गेली, आणि आताच्या वहिनी त्यांना याच मेळाव्यातून मिळाल्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. भाऊंचा तेव्हाचा फोटो त्या पुस्तिकेत आहे, रंगीत, तोरणाखाली, शेजारी कलश. मी ती बाहेर काढली नाही. वहिनी चहा घेऊन दारातच उभ्या होत्या, त्यांच्यासमोर ते बरं दिसलं नसतं. मी फक्त विचारलं, “भाऊ, तुमच्या वेळेला कलशाला काही झालं होतं का?”

बाकीचे खाली बघायला लागले. चहा फिरला. सगळ्यांचे कप रिकामे झाल्यावर भाऊ म्हणाले, “लावा बाई. पन लावायच्या आदी एकेकीच्या घरी इचारा. तिला नको आसंल तर जबरदस्ती नाय.”

मला माणूस आवडला त्या क्षणी. हा शहाणपणाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.

मग मी तिथेच बसून ते केलं. तुला कसं ते सांगते, फार गमतीचं आहे. थीमच्या मागे एक ‘स्लाइड मास्टर’ असतो. तो स्लाइडमध्ये दिसत नाही, पण त्याने सांगितलं की सगळ्या स्लाइड ऐकतात. आपल्या फाइलमध्ये दोन मास्टर होते, एक मरूनवाला, एक राखाडी. मी सगळ्या राखाडी स्लाइड एकदम धरल्या आणि पहिल्या मास्टरच्या हाती दिल्या. एका क्लिकमध्ये तोरण आलं, कलश आला. मग दुसरा मास्टर पुसून टाकला. वहिनी माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून बघत होत्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

मरूनही मी बदलला. बैठकीआधी माझ्या जुन्या शाळेत प्रोजेक्टर लावून पाहिलं होतं, तर उजेडाच्या हॉलमध्ये तो काळा पडतो आणि माणसांचे चेहरे बुडतात. मग रंगांच्या यादीत आपला स्वतःचा रंग घालता येतो असं कळलं. ‘ड्रॉपर’ नावाचं एक साधन आहे, कुठल्याही फोटोवर टेकवलं की तिथला रंग शोषून घेतं. मी मागच्या वावरातल्या वालाच्या फुलाचा फोटो काढला आणि त्यातला फिका जांभळा घेतला. त्यावर सगळेच बरे दिसतात, सावळे, गोरे, घाबरलेले.

आज सकाळपासून एकेका घरी फोन केले. एका मुलीच्या भावाने आधी फोनवर आवाज चढवला, मग बहिणीलाच फोन दिला. ती म्हणाली, “कलश ठेवा मॅडम, आन फोटो दुसरा पाठवते, तो रडका हाय.” बाकीच्यांनी होच म्हटलं.

एक घर विचारायचं राहिलंय. ते माझंच आहे.

पहिल्या पत्रात ‘हे मी तुझ्यासाठी करत नाही’ आणि ‘फाइल बिघडली असेल’ असं लिहिलं, ते दोन्ही खोटं होतं. मी तुझी स्लाइड पहिल्याच दिवशी केली. राखाडी रंगाची भानगड दिसली ती त्यामुळेच. तुझी माहिती भरून पुनर्विवाहात टाकली आणि तू डोळ्यांसमोर राखाडी झालीस. मला ते बघवेना. बाकी सगळी चौकशी त्यानंतरची.

पण तुला न विचारता मी ती दाखवणार नाही. स्लाइड लपवता येते. ती फाइलमध्ये असते, तिच्या क्रमांकावर तिरकी रेघ येते, आणि पडद्यावर ती येत नाही. तुझी तशी लपवून ठेवली आहे. फोटोची जागा रिकामी आहे. शिक्षण, नोकरी, गाव भरलंय. पालकांच्या नावाशी मात्र मी अडले. तिथे वडिलांचं लिहायची पद्धत आहे, ते धसईला आहेत, त्यांचा मान आहे. मी त्यांच्या नावाखाली दुसरी ओळ घातली आणि माझं नाव लिहिलं. तुला आणि त्यांना चालणार नसेल तर काढून टाकेन.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू मला जड झाली नाहीस. मी अजून भाताला तांदूळ दोघींचे घेते आणि रात्री उरलेला भात बघून स्वतःवरच चिडते. तू रोज या घरात असावीस असं मला वाटतं. आणि तुझा संसार व्हावा असंही वाटतं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींचा मेळ मला घालता येत नाही, म्हणून इतके दिवस उत्तर लिहिता आलं नाही. विपुलचे बाबा गेले तेव्हा मी तुझ्याहून थोडीच मोठी होते. मला कोणी विचारलं नाही. मी लग्न केलं असतं की नाही, खरंच माहीत नाही, बहुतेक नसतंच केलं. पण कोणीतरी विचारायला हवं होतं, एवढं मला आजही वाटतं. म्हणून मी तुला विचारते आहे. त्यात जा हा शब्द नाही, नम्रता. तू हो म्हण, नाही म्हण, कधीच लग्न करू नकोस, या घराचं दार तुझं आहे. आणि उद्या केलंस, तर बाळंतपणाला धसईला जायचं की शेणव्याला, यावरून मी तुझ्या आईशी भांडणार आहे.

उत्तर दे. नको असेल तर नको म्हणून दे.

पालकांच्या रकान्यात दुसऱ्या ओळीवर जागा धरून बसलेली,
आई

*

धसई, ता. मुरबाड
शुक्रवार, १० जानेवारी २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं दुकानात उभ्याने वाचलं, आणि एका गिऱ्हाइकाला तापाऐवजी खोकल्याचं औषध दिलं. परत बोलावून बदललं. काळजी करू नका.

मी तो प्रश्न विचारला तो तुम्ही नाही म्हणावं म्हणून. गाडी लगेच आली. नेहमी अर्धा तास येत नाही, त्या दिवशी लगेच आली. मग इथे आल्यावर फोन उचलायची भीती वाटायला लागली, तुम्ही भलतंच काही म्हणालात तर.

यंदा माझी स्लाइड दाखवू नका. मला सकाळी जाग आली की अजून विपुलच्या डब्याला काय करायचं हेच आधी डोक्यात येतं. ते थांबू दे. पण स्लाइड पुसूही नका. लपवलेलीच राहू दे. पुढे कधी दाखवायची झाली तर मीच सांगेन, आणि वेळेवर सांगेन, शेवटच्या दिवशी नाही.

१९ तारखेला मी मुरबाडला येते. गुडघा घेऊन दिवसभर लॅपटॉपशी एकट्या कशा बसणार? स्लाइड पुढे सरकवायचं काम माझं. तुम्ही फक्त नावं वाचा. संध्याकाळी तुमच्याबरोबर शेणव्याला येईन, दोन दिवसांची रजा सांगितली आहे. शाल तिथेच राहू दे.

तुमचं तिसरं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. ते पाय पसरून बसले होते, ते नीट मांडी घालून बसले. म्हणाले, “माजं नाव वर कशाला? बाईंचं वर घाल.” मी त्यांना म्हटलं, ते तुमचं तुम्ही दोघं ठरवा.

कोण वर, कोण खाली, ते काही का ठरेना, आई, तुमचं नाव तिथून काढायचं नाही.

तुमची,
नम्रता